तिसरं पेडल गेलं, मग क्लच दाबतं कोण?

दसरा-दिवाळी जवळ आली की नाशिकच्या शोरूममध्ये गर्दी वाढते आणि माहितीपत्रकांवर एएमटी (क्लच आणि गिअर दोन्ही यंत्रच सांभाळतं), आयएमटी (क्लच यंत्राचा, गिअर आपण टाकायचा), ई-क्लच (तेच मोटारसायकलमध्ये) असे शब्द दिसू लागतात. सेल्समन एका वाक्यात विषय संपवतो: "साहेब, हिला क्लचच नाही." हे खरं नाही. क्लच आहे, तीच प्लेट आहे, तीच प्रेशर प्लेट आहे. गेलंय ते फक्त पेडल. डाव्या पायाचं काम आता गिअरबॉक्सजवळ बसवलेली दोन मुठींएवढी पेटी करते. तिला ॲक्चुएटर म्हणतात, म्हणजे संगणकाचा हुकूम घेऊन प्रत्यक्ष ढकलण्या-ओढण्याचं काम करणारा भाग. पुढे तिला पेटीच म्हणू.

ही पेटी बाहेरून साधी दिसते. पण पाय जे काम नकळत करतो ते तिच्याकडून करून घ्यायला अभियंत्यांना बरीच वर्षं लागली, आणि एएमटी गाडीबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ त्या कामातच आहे.

आधी पाय काय करतो ते बघू

इंजिन शून्य वेगाने चालू शकत नाही. उभ्या गाडीतही ते मिनिटाला साधारण ८०० फेऱ्या मारत असतं आणि चाकं मात्र थांबलेली असतात. या दोघांची गाठ हळूहळू घालून देणं हे क्लचचं काम. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील असतं, त्याच्यापुढे क्लच प्लेट आणि प्लेटला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. हा दाब ताटलीच्या आकाराची एक स्प्रिंग देते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगच्या बोटांवर रेटलं जातं, दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. म्हणजे कोणी हात लावला नाही तर क्लच जोडलेलाच राहतो. जोर लागतो तो सोडवायला.

किती जोर? लहान हॅचबॅकमध्ये बेअरिंगवर साधारण १०० ते १५० किलोचा भार आणि सरकायचं अंतर सुमारे ८ मिलिमीटर. पेडलच्या तरफेमुळे आपल्या पायाला हेच काम १० किलोच्या आसपास जोर आणि १३-१४ सेंटिमीटर अंतर असं वाटतं.

पण जोर हा सोपा भाग. त्या ८ मिलिमीटरपैकी कामाचे असतात जेमतेम ३-४. प्लेट जिथे पहिल्यांदा टेकते तिथपासून ती घट्ट धरते तिथपर्यंतचे. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. लहान गाडीचा क्लच पूर्ण मिटल्यावर, म्हणजे घट्ट जोडला गेल्यावर, १७० ते २०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलू शकतो. तो ४ मिलिमीटरमध्ये वाटला तर प्रत्येक मिलिमीटरला सुमारे ५० न्यूटन-मीटर येतात. सिग्नलवरून गाडी सफाईने निघायची तर २-३ न्यूटन-मीटरची चूकही जाणवते. म्हणजे पेटीला बेअरिंग एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकं अचूक धरता यायला हवं, तेही १०० किलोच्या भाराखाली. पाय हे इंजिनाचा आवाज आणि सीटची थरथर ऐकून करतो.

स्कूटरला जमतं, मग कारला का नाही?

ॲक्टिव्हासारख्या स्कूटरमध्येही क्लच असतो आणि त्याला कोणी हात लावत नाही. त्यात वजनं असतात. इंजिनाचा वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि क्लच धरतो. ना मोटर, ना संगणक. पण या वजनांना एकच गोष्ट कळते, ती म्हणजे वेग. ३,००० फेऱ्यांवर गिअर बदलायचा म्हणून क्षणभर सुटा, हे त्यांना सांगायची सोय नाही. स्कूटरला बदलायचे गिअरच नसल्यामुळे तिचं भागतं.

गिअर असलेल्या गाडीत पेडल काढायचे प्रयत्न जुने आहेत. फोक्सवॅगनने १९६८च्या बीटलसाठी अशी सोय आणली होती की गिअरच्या दांड्याला हात लागला की इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारी यंत्रणा क्लच सोडायची. आजच्या आयएमटीची कल्पना म्हणजे जवळपास हीच. तेव्हा कमी होती ती बारकाईने जोडण्याची. व्हॅक्यूमला उघड-मीट कळते, विसावा भाग कळत नाही.

ताकद कुठून आणायची

थोडा हिशोब करू. १२५ किलोचा भार ८ मिलिमीटर सरकवायचा म्हणजे सुमारे १० ज्यूल ऊर्जा. काहीच नाही. पण गिअर बदलताना हे एक दशांश सेकंदात व्हायला हवं, म्हणजे १०० वॉट. मधल्या दात्यांमध्ये निम्मी ताकद घासण्यात जाते, तेव्हा मोटरला २०० वॉट लागतात. बारा व्होल्टच्या बॅटरीवर याचा अर्थ दर खेपेला १६-१७ अँपिअरचा हिसका. नाशिकच्या गर्दीत द्वारका चौक ते सीबीएस एवढ्या अंतरात क्लच किती वेळा सुटतो आणि धरतो, याचा विचार केला तर मोटर, वायर आणि बॅटरी तिन्ही मोठी करावी लागतील.

पहिला उपाय तेलाचा. भारतात सर्वसामान्यांच्या खिशाला परवडणारी एएमटी आली ती २०१४ मध्ये मारुती सेलेरियोतून, आणि तिची यंत्रणा या पद्धतीची होती. एक छोटा पंप तेल दाबून साठवणुकीच्या डब्यात भरतो, ४०-५० बार दाबाने. डब्यात एका बाजूला गॅस असतो आणि तो तेलाला दाबाखाली ठेवतो. गिअर बदलायची वेळ आली की विजेचे व्हॉल्व्ह हे तेल क्लचकडे सोडतात. पंप संथपणे भरत राहतो आणि डबा एकदम देतो. अशा गाडीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडल्यावर घुर्रर्र असा आवाज येतो तो याच पंपाचा. तो दोष नाही, गाडी आधीच दाब भरून ठेवते. पद्धत भक्कम आहे, पण पंप, डबा, व्हॉल्व्हचा गठ्ठा, टाकी आणि नळ्या असा संसार बॉनेटखाली मांडावा लागतो, आणि जिथे नळी तिथे कधीतरी गळती.

दुसरा उपाय जास्त हुशारीचा आहे आणि पेटी लहान झाली ती त्याच्यामुळे. मेन रोडवरच्या कुठल्याही दुकानाचं शटर आठवा. पत्र्याचं वजन बरंच असतं, तरी दुकानदार एका हाताने ते वर करतो. कारण वरच्या गजात गुंडाळलेली स्प्रिंग आहे: शटर खाली ओढताना ती ताणली जाते आणि वर करताना तीच उचलायला मदत करते. हाताला फक्त फरक आणि घर्षण पेलायचं असतं. क्लचच्या पेटीतही अशीच एक मदतनीस स्प्रिंग बसवतात. क्लच मिटताना त्याची स्वतःची स्प्रिंग ही मदतनीस दाबून ठेवते, आणि सोडवायच्या वेळी मदतनीस ती ताकद परत देते. मोटरकडे उरतं ते घर्षण आणि वेग. मग दाराची काच वर-खाली करणाऱ्या मोटरएवढी मोटर पुरते. जर्मनीच्या ल्यूक कंपनीने १९९०च्या दशकात या धर्तीची पेटी बनवली आणि पहिल्या पिढीच्या मर्सिडीज ए-क्लासमध्ये पेडलशिवायचा क्लच आला.

यात एक मेख होती. क्लच प्लेट झिजत जाते तसा साध्या क्लचमध्ये सोडवायचा भार वाढतो, कारण ताटली-स्प्रिंगची बोटं वेगळ्या कोनात जातात. जुन्या गाडीचं पेडल जड का होतं, त्याचं एक कारण हे. मदतनीस स्प्रिंग नव्या क्लचच्या भाराला जुळवलेली असते, त्यामुळे हजारो किलोमीटरनंतर तिचा हिशोब चुकायला लागतो. म्हणून क्लचच बदलावा लागला. प्रेशर प्लेटच्या कव्हरमध्ये उतरत्या दात्यांची एक रिंग घातली. झीज होईल तशी ती थोडी फिरते आणि स्प्रिंगचा कोन मूळ जागी आणते. भार आयुष्यभर जवळपास सारखा राहतो. पेटी लहान ठेवायची तर क्लचनेही शिस्तीत राहायला हवं, असा हा सौदा.

तिसरी युक्ती निव्वळ सॉफ्टवेअरची. माणूस पेडल सोडतो तेव्हा क्लच पूर्ण मिटतो, मग इंजिन ५० न्यूटन-मीटर देत असो की १००. संगणकाला इंजिन या क्षणी किती टॉर्क देतंय हे माहीत असतं. तो क्लच तेवढ्यासाठी आणि वर थोडं राखून, असा मिटवू शकतो. मग गिअर बदलताना बेअरिंगला सगळं अंतर कापावं लागत नाही आणि लहान मोटरही झटपट वाटते.

पेटीच्या आत

अंबड-सातपूरच्या कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या मशिनवर काम करणाऱ्याला ही पेटी उघडून दाखवली तर तो म्हणेल, हा सर्वो आहे, म्हणजे जागा मोजत नेमकी तिथेच थांबणारी मोटर. बरोबर आहे. मोटर, गोल फिरणं सरळ रेषेत बदलणारा स्क्रू किंवा वर्म गिअर, जागा मोजणारा सेन्सर आणि हे सगळं चालवणारी सर्किट पाटी. फरक एवढाच की सीएनसीच्या सर्वोला थंड शेड आणि स्थिर वीज मिळते, तर या पेटीला इंजिनाशेजारची शंभरच्या वर जाणारी उष्णता, पावसाळ्यातलं पाणी आणि गाडी सुरू होताना कोसळणारा व्होल्टेज.

जुन्या पेट्यांत ब्रशवाल्या मोटरी असत. कार्बन ब्रश झिजतात आणि त्यांची पूड आत साचते. आता कल ब्रश नसलेल्या मोटरींकडे आहे. त्यांत चुंबक फिरतात आणि कुठल्या वेटोळ्यात वीज द्यायची हे पाटी ठरवते. वर्म गिअरचा आणखी एक फायदा असा की मोटर त्याला फिरवू शकते, पण क्लचचा भार उलट दिशेने मोटरला फिरवू शकत नाही. सिग्नलला गिअरमध्ये दोन मिनिटं उभं राहिलात तरी क्लच उघडा धरून ठेवायला वीज जवळपास लागत नाही. असा स्वतःहून अडकून राहणारा गिअर घर्षण जास्त खातो, ही त्याची किंमत.

काही गाड्यांत पेटी क्लचपासून लांब ठेवतात. तिथे ती एका पिस्टनला ढकलते, नळीतलं तेल तो जोर रिलीज बेअरिंगपर्यंत पोचवतं. गिअरबॉक्स नव्याने आखावा लागत नाही आणि पेटी जागा मिळेल तिथे बसते. ह्युंदाईने २०२० मध्ये व्हेन्यूत आणलेली आयएमटी या वाटेची: दांड्याला हात लागल्याचं सेन्सरला कळतं, संगणक तेलाच्या मार्गाने क्लच सोडतो आणि गिअर मात्र तुम्ही स्वतः टाकता.

क्लच नेमका कुठे टेकतो?

विसाव्या मिलिमीटरची अचूकता मोटरमध्ये आली, पण मोजायचं कुठून? प्लेट टेकते तो बिंदू स्थिर नसतो. नव्या आणि संपलेल्या प्लेटच्या जाडीत दीड-दोन मिलिमीटरचा फरक असतो, आणि आपल्याला लागणारी बारकाई त्याच्या तीस-चाळीसाव्या हिश्श्याची. शिवाय तापलेली प्रेशर प्लेट किंचित वाकते आणि नळीतलं तेल गरम झालं की फुगते. सकाळी गार गाडीत शिकलेला बिंदू दुपारी घाटाच्या माथ्यावर चुकीचा ठरतो.

म्हणून गाडी सतत शिकत असते. न्यूट्रलमध्ये क्लच उघडा ठेवला की गिअरबॉक्सचा आत जाणारा शाफ्ट मंदावतो. मग पेटी क्लच अगदी हळू मिटवते आणि शाफ्ट पुन्हा वेग घ्यायला लागतो तो क्षण टिपते. तिथे प्लेट टेकली. हे वारंवार, आपल्याला कळू न देता चालतं. पेटी पिस्टनने नळीतलं तेल ढकलते त्या पद्धतीत आणखी एक काम असतं: पिस्टन मधूनमधून पूर्ण मागे नेऊन टाकीचं छिद्र उघडं करायचं, म्हणजे फुगलेलं तेल टाकीत जातं आणि हिशोब पुन्हा शून्यावर येतो.

शिकलेला बिंदू चुकला तर लक्षणं ओळखीची असतात. बिंदू आहे त्याच्या अलीकडे समजला तर गाडी हलायच्या आधी क्षणभर वाट बघते आणि इंजिन नुसतंच वाढतं. पलीकडे समजला तर पहिला गिअर टाकताच धक्का बसतो, किंवा ब्रेकवर उभी गाडी थरथरते. क्लच प्लेट बदलून आणल्यावर गाडी असं वागू लागली तर शंका आधी शिकवणीची घ्यावी, सुट्या भागाची नंतर.

झटका पेटीमुळे बसतो का?

एएमटीवरचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच. गिअर बदलताना संगणक इंजिनाचा टॉर्क कमी करतो, क्लच सोडवतो, चालू गिअर काढतो, पुढचा निवडतो, दोन्हींचे वेग जुळेपर्यंत थांबतो, गिअर आत बसवतो, क्लच मिटवतो आणि टॉर्क परत वाढवतो. या सगळ्याला अर्धा ते एक सेकंद जातो आणि क्लच सुटण्याचा वाटा त्यात दहा-पंधरा शतांश सेकंदांचा. तेवढा वेळ चाकांपर्यंत ताकद पोचत नाही आणि मान पुढे जाते. पेडलच्या गाडीतही हीच दरी असते, पण तिथे गिअर कधी बदलायचा हे आपण ठरवतो म्हणून शरीर तयार असतं. एएमटीत गिअर बदलणार असं वाटल्यावर ॲक्सिलरेटर थोडा सैल केला तर झटका बराच कमी जाणवतो.

ही दरी खरोखर मिटवायची तर दोन क्लच लागतात, एक सुटत असताना दुसरा धरणारा. ड्युअल क्लच गिअरबॉक्स तो हाच, आणि तो महाग पडतो. एएमटीची गंमत अशी की तोच मॅन्युअल गिअरबॉक्स, वर पेट्या. त्यामुळे मायलेज मॅन्युअलच्या जवळ राहतं आणि कारखान्यात वेगळा गिअरबॉक्स बनवावा लागत नाही. नाशिकमधल्याच महिंद्राच्या प्रकल्पात तेव्हा तयार होत असलेल्या एक्सयूव्ही३००ला २०१९ मध्ये डिझेल इंजिनासोबत एएमटी मिळाली ती याच सोयीमुळे.

घाटात क्लच जळतो कसा

नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा रस्ता घ्या. यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या खालीच थांबवतात, पण एरवीच्या रविवारी वळणावळणावर रांग लागते. कसाऱ्यात ट्रक बंद पडला की तिथेही तेच. चार माणसांसह १,२५० किलोची गाडी १० टक्के चढावर उभी आहे. ती मागे ढकलणारा जोर सुमारे १२५ किलोचा. चाकाचा आकार आणि पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर, साधारण १४, धरलं तर क्लचपाशी हे २५ न्यूटन-मीटर होतात. ऐकायला कमी वाटतं.

आता चालकाने ब्रेक सोडला आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरली. इंजिन १,५०० फेऱ्यांवर आहे, गिअरबॉक्स थांबलेला आहे आणि सगळा फरक प्लेटवर घासला जातोय. २५ न्यूटन-मीटर गुणिले १,५०० फेऱ्या म्हणजे जवळजवळ ४ किलोवॉट उष्णता, बंद डब्यात. वीस सेकंदांत ८० किलोज्यूल. त्यातली निम्मी ३ किलोच्या प्रेशर प्लेटमध्ये गेली तरी तिचं सरासरी तापमान २५ अंशांनी वाढतं, पृष्ठभागाचं तर कितीतरी जास्त. दोन मिनिटांत थंड व्हायला वेळ मिळत नाही. रांग दहा वेळा अशी सरकली की प्लेटचं अस्तर अडीचशे-तीनशे अंशांकडे जातं, पकड सोडायला लागतं आणि तो जळका वास येतो.

पेडलच्या गाडीतही हे होतं. फरक असा की तिथे पाय दुखतो आणि माणूस हँडब्रेक ओढतो. एएमटीत काहीच दुखत नाही. म्हणून संगणकाला पहारा द्यावा लागतो. क्लचमध्ये तापमानाचा सेन्सर सहसा नसतो. किती घसरला, किती टॉर्कवर आणि किती वेळ, यावरून सॉफ्टवेअर उष्णता मोजत राहतं. मर्यादा जवळ आली की बीप वाजतो किंवा डॅशबोर्डवर इशारा येतो. काही गाड्या मुद्दाम थरथरतात, म्हणजे चालक ब्रेक दाबेल. तरीही ऐकलं नाही तर क्लच उघडतो आणि गाडी मागे येते. लोक याला गिअरबॉक्स फेल झाला म्हणतात. खरं तर पेटीने प्लेट वाचवलेली असते.

उपाय फार साधा आहे. रांगेत चढावर पूर्ण थांबा, ब्रेक दाबून ठेवा. ब्रेक दाबलेला असताना क्लच पूर्ण सुटलेला असतो आणि काहीही तापत नाही. पुढे एका गाडीएवढी मोकळी जागा झाल्याशिवाय निघू नका, कारण सगळ्यात जास्त उष्णता निघतानाच तयार होते. पुन्हा निघताना हँडब्रेक ओढलेला ठेवा, ॲक्सिलरेटर द्या, गाडी पुढे रेटतेय असं जाणवलं की हँडब्रेक सोडा. हिल होल्ड असलेल्या गाडीत तोच हे दोन-तीन सेकंद सांभाळतो. मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवला तर वळणावर ती उगाच दुसरा टाकत नाही. इशारा आलाच तर बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. फिरणारं फ्लायव्हील हवा खेळवतं. पंधरा-वीस मिनिटं द्या. २०२७च्या सिंहस्थात त्र्यंबक रोडवर सपाटीलाही रांगा लागतील तेव्हा हीच सवय कामाला येईल, कारण तासन्‌तास मुंगीच्या पावलांनी सरकणं म्हणजे क्लचसाठी सौम्य घाटच.

बॅटरी उतरली तर?

ढकलून सुरू होणार नाही. पेटीला वीज नाही म्हणजे क्लच सोडता-धरता येत नाही आणि गिअरही पडत नाही. जम्पर केबल किंवा दुसरी बॅटरी, एवढेच मार्ग.

चालत्या गाडीत वायर तुटली तर वर्म गिअरच्या पेटीत क्लच आहे त्या स्थितीत थांबतो, एकदम सुटत किंवा धरत नाही. गिअर अडकलेला असेल तर गाडी ओढून नेताना पुढची चाकं उचलूनच न्यावी लागतात, कारण आपल्या बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. उभी करताना लक्षात ठेवायचं ते वेगळं: बहुतेक एएमटी गाड्यांत गिअरच्या दांड्याला 'पी', म्हणजे पार्किंगची जागा नसते. चढावर लावताना गिअर डीमध्ये, म्हणजे पुढे जायच्या जागी, ठेवून इंजिन बंद करावं, हँडब्रेक ओढावा आणि डॅशबोर्डवर गिअर दिसतोय याची खात्री करून उतरावं. न्यूट्रलमध्ये बंद केलेली गाडी नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर असते.

मोटारसायकलमध्ये होंडाने वेगळा विचार केला. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या ई-क्लचमध्ये दोन छोट्या मोटरी क्लच चालवतात, पण हँडलवरचा लिव्हर तसाच आहे. वाटेल तेव्हा तो दाबा, यंत्रणा बाजूला होते. सगळ्याचं जादा वजन सुमारे २ किलो. बाईकचा क्लच तेलात बुडालेला आणि अनेक प्लेटींचा असतो, त्यामुळे उष्णतेचं दुखणं तिथे कमी. गिअर मात्र पायानेच टाकायचे.

गॅरेजमध्ये काय बघावं

पेटी महाग असते, म्हणून आधी तिलाच बदलायचा सल्ला मिळाला तर थांबा. तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा.

सगळ्यात आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली असेल किंवा सेल्फ मारताना ९.५च्या खाली जात असेल तर गिअर न पडणं, दिवे लागणं, सगळं त्यातूनच येतं. मग ब्रेकच्या दिव्याचा स्विच. हा छोटा, स्वस्त भाग खराब झाला की ब्रेक दाबलाय हे संगणकाला कळत नाही, आणि गाडी सुरूच होत नाही किंवा न्यूट्रलमधून हलत नाही. मग अर्थिंग: यंत्रणा काम करत असताना पेटीची अर्थ वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर जोड गंजलेला आहे. पावसाळ्यानंतर कनेक्टर उघडून हिरवा गंज बघावा. द्राक्षबागांच्या आणि शेताच्या कडेला गाड्या लावणाऱ्यांनी उंदरांचे दात विसरू नयेत.

पंप असलेल्या तेलाच्या पद्धतीत टाकीची पातळी बघा आणि पंप किती वेळा वाजतो ते ऐका. उभ्या गाडीत काही न करता तो दर थोड्या वेळाने चालू होत असेल तर साठवणुकीच्या डब्यातला गॅस संपलाय किंवा व्हॉल्व्ह आतून गळतोय. तसंच चालू ठेवलं तर पंपाची मोटर जळते आणि एका भागाच्या जागी दोन घ्यावे लागतात.

यानंतर क्लच स्वतः. फोर्कचा, म्हणजे बेअरिंगला रेटणाऱ्या दांड्याचा, टेकू कोरडा पडला किंवा रिलीज बेअरिंग जड फिरायला लागलं की भार वाढतो, मोटर जास्त वीज ओढते आणि स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या यंत्रावर, दोष मात्र पेटीचा दिसतो. अशा वेळी नुसती पेटी बदलली तर नवीही तसाच दोष दाखवेल. निघताना थरथर असेल तर फ्लायव्हीलवर जळके निळे डाग आणि इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलची गळती बघावी.

पेटी काढायचीच असेल तर एक धोका माहीत हवा. आत दाबलेली मदतनीस स्प्रिंग आहे. स्कॅनरने आधी तिला सर्व्हिसच्या स्थितीत न्यावं लागतं. तसं न करता बोल्ट सोडले तर दांडा जोरात बाहेर येतो. बोटं गेली तर जागेवर येत नाहीत. काढलेल्या पेटीवर इग्निशन चालू करायचं नाही, घर पान्याने उघडायचं नाही.

नवी प्लेट किंवा पेटी बसवल्यावर शिकवणी. प्रत्येक कंपनीचा क्रम थोडा वेगळा, पण ढाचा असा: बॅटरीला चार्जर लावून ठेवा, झिजेचा जुना हिशोब स्कॅनरमधून पुसा, इंजिन बंद ठेवून पेटीला दोन्ही टोकं दाखवा, मग गिअरच्या जागा, मग इंजिन गरम करून न्यूट्रलमध्ये टेकण्याचा बिंदू. तेलाची नळी सोडली असेल तर हवाही स्कॅनरच्या मदतीनेच काढावी लागते. इथे दाबायला पेडल नाही. बिलात शिकवणीची ओळ दिसत नसेल तर विचारा.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर याचं काय?

विजेची मोटर शून्य वेगापासून ताकद देते, त्यामुळे बहुतेक ई-गाड्यांना क्लच लागत नाही. पण मधल्या काळातल्या हायब्रिड गाड्यांना लागतो. २०२२ मध्ये भारतात आलेल्या होंडा सिटीच्या हायब्रिडमध्ये हायवेच्या वेगाला इंजिन थेट चाकांशी जोडणारा क्लच आहे. तो कधी लागला हे चालकाला कळतही नाही. आणि मोटर, स्क्रू, स्प्रिंग, सेन्सर हीच चौकडी पार्किंगचा खटका आणि विजेचा हँडब्रेक अशा कामांनाही जुंपता येते.

टेस्ट ड्राइव्ह घेताना सेल्समन बहुधा गंगापूर रोडच्या मोकळ्या पट्ट्यावर नेतो. तिथे कुठलीही एएमटी छान वाटते. त्यापेक्षा एखाद्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर जा, एसी चालू, सगळ्या सीटवर माणसं. मध्यावर थांबून पुढे निघा, मग तोच चढ रिव्हर्समध्ये. गाडी किती मागे येते, इंजिन किती वाढतं, धक्का बसतो का, हे तिथे दोन मिनिटांत दिसतं. परत आल्यावर वॉरंटीच्या कागदात क्लच प्लेट आणि ॲक्चुएटर वेगवेगळे लिहिलेत का ते वाचा. प्लेट सहसा झिजणाऱ्या भागांत धरतात आणि वॉरंटीबाहेर ठेवतात. पेटी आत असते, पण पाणी शिरल्यास नाही, असं कलम असू शकतं.